पाणी उतरलं की खेळणी आत

ड्रमवाला आला की आमच्या गल्लीत उन्हाळा लागतो. कॅलेंडरवर काय छापलंय ते कुणी बघत नाही. हातगाडीवर आडवे रचलेले निळे ड्रम, त्यांच्या पोटातून घुमत येणारी त्याची आरोळी, आणि गाडी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाजूनं वळली की दारादारांत उभ्या राहणाऱ्या बाया. कुणी ड्रमवर बोटानं टकटक करतं, कुणी आत डोकं घालून वास घेतं. केमिकलचा वास आला तर तो ड्रम गोधड्या ठेवायला, नाही आला तर पाण्याला. माणसानं नाक घालून ठरवायचं की आपलं पोर यातलं पाणी पिऊ शकतं का. यावर कुणाला काही वाटत नाही, ही आमच्या गल्लीची खासियत.

यंदाही तो आला. गाडी अजून कोपऱ्यावरच होती. पुढच्या खोलीत माझी भाची ईशू, म्हणजे दादाची मुलगी, वही घेऊन बसलेली. आरोळी ऐकली तशी उठली, दिवाणाखालून आपली खेळण्यांची पिशवी ओढली आणि दाराशी नेऊन ठेवली. परत येऊन वहीत डोकं घातलं.

मी विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. नवा ड्रम घेतला तर दिवाण सरकवावा लागंल ना, आत्या."

मी पाण्याच्या प्रश्नावर कितीतरी पत्रकं लिहिली आहेत. चौकात माईक धरून ओरडले आहे. राग येणं हे माझं रोजचं काम आहे म्हणा ना. पण ईशू हे बोलली तेव्हा राग आला नाही. चालता चालता पायरी नसल्याचं कळावं तसं झालं. तेव्हापासून तो उन्हाळा डोक्यातून जात नाही, ज्या उन्हाळ्यात ईशू पाच वर्षांची होती आणि आमच्या घरात खेळण्यांसाठी एक रॅक आला होता.

आमचं घर म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या. पुढची बसायची, मागची स्वयंपाकाची, मधे दार नसलेली चौकट. रेल्वे गेली की मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात. दादा शेंद्र्याच्या एका कंपनीत शिफ्टला, वहिनी घरी ब्लाउज शिवते, मी दिवसभर बाहेर. एवढ्या घरात खेळण्यांना स्वतःची जागा कधीच नव्हती. पाणी जी जागा सोडेल ती त्यांची.

म्हणजे असं. नळाला पाणी आलं की घरातलं जे जे पोकळ, ते ते भरायचं. मग पुढचं पाणी येईपर्यंत ते उतरत जायचं. आधी मोकळी व्हायची बादली, तिच्यात ठोकळे. मग स्टीलची टाकी, तिच्यात बाहुल्या. सगळ्यात शेवटी निळा ड्रम, आणि त्याच्या तळाशी ट्रॅक्टर. एक चाक नसलेला लाल ट्रॅक्टर, मागं ट्रॉली. खेळणी कुठवर गेली आहेत ते बघावं आणि घरात पाणी किती उरलंय ते ओळखावं. ट्रॅक्टर ड्रममध्ये उतरला की वहिनी अंघोळी बंद करायची. दादा कामावरून आला की चप्पल काढतानाच विचारायचा, ट्रॅक्टर कुठाय. ऐकणाऱ्याला वाटावं, काय हौशी बाप आहे.

मग केव्हातरी नळ खोकायचा. आमचा नळ पाण्याआधी खोकतो, घशात हवा अडकलेल्या म्हाताऱ्यासारखा. तो आवाज आला की भांडी पालथी. ठोकळे दिवाणावर, बाहुल्या टीव्हीवर, ट्रॅक्टर झोपलेल्या दादाच्या पोटावर. पुन्हा पहिल्यापासून.

एक मोठं अस्वलही होतं. मामानं वाढदिवसाला दिलेलं, पांढरंशुभ्र. ते कायम प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटावर. मळलं तर धुवायचं कशानं? ईशू त्याला पिशवीवरून हात लावायची. प्लॅस्टिकचा करकर आवाज व्हायचा, तेवढाच त्यांचा खेळ.

अंगणवाडीतल्या ताईंनी एकदा मुलांना विचारलं म्हणे, खेळून झालं की खेळणी कुठं ठेवायची. ईशूनं सांगितलं, ड्रममध्ये. वहिनी हे मला सांगताना हसत होती आणि मीही हसायच्या तयारीत होते. मी म्हटलं, मग पोरं हसली असतील. वहिनी म्हणाली, हसतील कशाला? सगळ्यांनीच ड्रम सांगितलं. एका पोरानं फक्त पिंप म्हटलं.

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं. अख्खा वर्ग. आणि ताईंनीही पुढचा प्रश्न विचारला.

त्याच दिवसांत वहिनीला मोबाइलवर ते व्हिडिओ दिसायला लागले. कणीक मळता मळता एका कानात इअरफोन घालून ती बघायची. कुठलीशी बाई, चकाचक घर, आणि खेळणी नीट कशी ठेवावीत याचे धडे. प्रत्येक प्रकाराला वेगळा डबा. डब्यावर चित्र, म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही कळावं. अर्धी खेळणी दृष्टीआड ठेवा, काही दिवसांनी अदलाबदल करा, म्हणजे मुलाला ती नवीच वाटतात. घर लहान असलं तरी काळजी करू नका, असं ती बाई गोड हसून सांगायची, आणि तिच्या मागं आमचं अख्खं घर मावेल एवढी मोकळी फरशी दिसायची. मी संतापले. म्हटलं, वहिनी, ह्या बाईचा नळ बघ आधी. रोज येत असणार. वहिनी म्हणाली, "वन्सबाई, तिचा नळ नका बघू. डबे बघा, किती गोड आहेत."

राग आला किंवा लाडात आली की मी वन्सबाई. एरवी नुसतं नाव.

तिला तो रॅक हवा होता. तीन कप्पे, तीन रंगांचे टब. आणि तो ठेवायला घरात एकच जागा होती, खिडकीखालचा कोपरा. नेमका त्याच कोपऱ्यावर दादाचा डोळा होता. त्याला दुसरा ड्रम घ्यायचा होता, कारण पाण्याचं अंतर लांबत चाललं होतं. कोपरा एक, मागणारे दोघं. घरात चांगलंच वाजलं. दादा म्हणाला, तहान लागल्यावर टब चाटणार का? वहिनी म्हणाली, कन्नडला आमच्याकडं वासराला सुद्धा गोठ्यात स्वतःचा खुंटा असतो, माझ्या पोरीला वीतभर जागा नको? मी मधे पडले. मुलांचा खेळण्याचा हक्क वगैरे सुरू केलं. दादानं मला हातानं थांबवलं. "तू ते क्रांती चौकात बोल, हितं घसा फोडू नको." पण त्याचं हसू फुटलं, आणि वहिनी जिंकली.

रॅक आला तो दिवस मला सणासारखा आठवतो. लाल, पिवळा, हिरवा टब. माझ्याकडं उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, एका बाजूनं कोरा. त्यावर मी चित्रं काढली. लाल टबावर भातुकलीचा हंडा, पिवळ्यावर ट्रॅक्टर, हिरव्यावर बाहुली. बाहुली मला जमली नाही, ती आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्यासारखी दिसायची. ईशूला ते फार आवडलं. मी चित्रं चिकटपट्टीनं लावली. ट्रॅक्टरच्या पाठीमागून माझीच जाड अक्षरं उजेडात आरपार दिसत होती. पाणी आमच्या हक्काचं.

त्यानंतरचे थोडे दिवस. त्या दिवसांबद्दल लिहायला मला शब्द कमी पडतात, मला चांगल्या दिवसांची सवय नाही. बाहेर गल्लीतल्या कडुलिंबाला मोहोर आलेला, दुपारी पत्रा तडतडायचा, आणि ईशू त्या कोपऱ्यात खेळणी काढायची नि ठेवायची. खेळण्यापेक्षा तिला ठेवण्यातच जास्त गंमत. भातुकली स्टीलची होती, वहिनीच्या आईनं कन्नडच्या बाजारातून आणलेली. अंगठ्याएवढी कळशी, मुठीएवढा हंडा, झाकणं, पळ्या. ती एकेक लाल टबात लावायची, मग म्हणायची, चुकलं, आणि सगळं बाहेर. वहिनी मशीनवर पाय थांबवून बघत बसायची. ब्लाउज घ्यायला आलेल्या बायांना रॅक दाखवायची. शेजारच्या नसीम भाभी नातवाला कडेवर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "क्या बात है, बिलकुल टीव्हीवाला घर." वहिनी लाजायची. घर तेच होतं. फक्त एका कोपऱ्यात वस्तूंना आपापलं ठिकाण होतं, आणि त्या ठिकाणाचा पाण्याशी काही संबंध नव्हता.

मग ती दुपार.

वहिनी कापड आणायला गुलमंडीवर गेली होती, दादा शिफ्टला. ईशू नि मी घरात. मी हंडा मोर्चाचं पत्रक लिहीत दिवाणावर आडवी झाले. कूलर लावला होता, पण त्यात पाणी टाकायची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळं तो गरम हवा जोरानं फेकायचा एवढंच. डोळा लागला.

जाग आली ती पायाला काहीतरी टोचलं म्हणून. बघते तर ट्रॅक्टर. उशाला बाहुली. कुशीत ठोकळे, अंगाच्या कडेकडेनं पळ्या, झाकणं, सगळी खेळणी माझ्याभोवती नीट रचलेली, एकही भिजू नये अशी. क्षणभर वाटलं पोर माझ्याशी खेळतेय. मग पाण्याचा आवाज आला.

ती मागच्या खोलीत नळापाशी बसली होती, फ्रॉक छातीपर्यंत ओला. लाल टब भरलेला. पिवळा भरलेला. हिरवा नळाखाली. बाजूला ओळीनं भातुकली, एकूण एक भांडं काठोकाठ. कळशी, हंडा, कपबशा. ट्रॅक्टरची ट्रॉली काढून आणली होती, तीही भरलेली. बाहुलीची टोपी उलटी करून तिच्यात पाणी.

नळ अवेळी आला होता. गल्लीत कुणालाच पत्ता नव्हता. तिनं खोकला ऐकला होता.

मी म्हटलं, "मला उठवायचं ना, बाळा."

तिनं मान वर केली नाही. हिरवा टब भरत आला होता, तिचं सगळं लक्ष तिथं. "नळ थांबत नसतो, आत्या."

"आणि ड्रम? ड्रम का नाही भरला?"

"माझा हात पुरत नाय."

विटांवर चढवलेल्या ड्रमचा काठ तिच्या डोक्याच्याही वर होता. म्हणून तिनं तिच्या उंचीचं जे होतं ते भरलं. मी धावत पाइप शोधला, नळाला जोडला, ड्रममध्ये सोडला. आत पाणी पडल्याचा आवाज झाला, थोडा वेळ, आणि मग पाइप ढिला पडला. गेलं.

मी भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या पत्रकांत लिटर होते, पाइपलाइनी होत्या, जबाबदार कोण असे प्रश्न होते. उलटी केलेली बाहुलीची टोपी एकाही पत्रकात नव्हती. पाच वर्षांचं पोर घरात पाणी येताना ऐकतं, आणि हातातला खेळ टाकून, न ओरडता, न घाबरता, कामाला लागतं. मला वाटत होतं आपण मोठी माणसं हे सगळं सोसतोय, पोरं खेळतायत. पोरं बघत होती.

खरा धक्का तर संध्याकाळी बसला. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. नसीम भाभींनी कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "ये बच्ची तो अपन सबसे हुशार निकली." कामावरून आलेल्या दादानं तिला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत नेलं आणि कुल्फी दिली. शेजारच्या काकू आपल्या पोराला ईशूचं उदाहरण देऊन रागावल्या. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. अरे, हे कौतुक करायचं आहे का? हे बघून आपण सगळ्यांनी रस्त्यावर बसायला हवं. पण कुल्फी खाताना ईशूचा चेहरा इतका फुललेला होता की मी पदरानं तिची हनुवटी पुसत राहिले.

वहिनीनं कौतुक केलं नाही. ती गुलमंडीहून आली, कापडाची पिशवी दाराशी ठेवली, तिन्ही टबांकडं बघत उभी राहिली. चिकटपट्टी सुटून बाहुलीचं चित्र पाण्यावर तरंगत होतं. तिनं कागद उचलला, पिळला आणि लग्नातल्या उरलेल्या अक्षता ठेवाव्यात तसा हळूच कोपऱ्यात ठेवला.

टब तसेच राहिले, भरलेले. पाणी कोण ओतून देणार? ते उतरलं तोवर पुढचं आलं, पुन्हा तेच टब भरले गेले. रॅक रिकामा उभा होता, तो पत्र्याखालच्या फळीवर गेला. कोपऱ्यात दुसरा ड्रम आला. कुणी काही ठरवलं नाही, कुणी भांडलं नाही. खेळणी पुन्हा ड्रमात, आणि पुढं ईशू शाळेत जायला लागली तशी पिशवीत, दिवाणाखाली.

हंडा मोर्चा त्यानंतर लगेच होता. रिकामे हंडे घेऊन बाया चालणार, वाजवणार, मी घोषणा देणार. मला सुचलं, ईशूनं आपला भातुकलीचा हंडा घेऊन पुढं चालावं. एवढीशी पोर, एवढासा रिकामा हंडा. पत्रकाच्या भाषेत सांगायचं तर प्रभावी. वहिनी बरं म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी बाया जमल्या. ईशू आली, दोन्ही हातांत तो मुठीएवढा हंडा धरून, अगदी सावकाश पाय टाकत. हंडा भरलेला होता.

मी खाली वाकून म्हटलं, ओत ते, आपला मोर्चा रिकाम्या हंड्यांचा आहे.

"हे बाहुलीचं आहे," ती म्हणाली. "नळ यीपर्यंत तिनं काय प्यायचं?"

मी पुन्हा सांगून पाहिलं. तिनं हंडा पोटाशी धरला. ते खेळातलं होतं की खरं, मला कळेना. तिलाही तो फरक कळत होता असं मला वाटत नाही.

ती भरलेलाच हंडा घेऊन चालली. वर तळहाताचं झाकण. मागं बायांच्या रिकाम्या हंड्यांचा दणदणाट, आणि पुढं ही, पायाखाली बघत. वाटेत एक फोटोवाला आडवा आला, म्हणाला, बेटा, हंडा उलटा धर. तिनं तो पाठीमागं लपवला. मी घोषणा द्यायची सोडून तिच्या बाजूनं चालायला लागले. मागच्या बायांनी ते पाहिलं असावं. कुणी काही सांगितलं नाही, पण हळूहळू अख्खा मोर्चा तिच्या चालीनं चालायला लागला. हंडे वाजवायचे थांबले. तिचं पाणी हिंदकळू नये म्हणून.

मी आजवर काढलेल्या मोर्चांमधला तो सर्वांत शांत मोर्चा. निवेदन दिलं, परत आलो. पाणी पूर्वीसारखंच येत राहिलं. म्हणजे न येत राहिलं.

तर यंदाचा ड्रमवाला. तोवर त्याची गाडी आमच्या दाराशी आली होती. वहिनी बाहेर जाऊन एका ड्रमात डोकं घालून वास घेत होती. दाराशी पिशवी बघून तिनं विचारलं, ही कशाला काढली? ईशूनं वही मिटली. म्हणाली, आई, ही नसीम आजीच्या नातवाला देऊन टाकते.

"सगळी?"

"व्हय. आता मला ड्रमपर्यंत हात पुरतो की."

आणि तिनं दाखवलं. खिडकीखालच्या ड्रमाशी जाऊन काठावर सहज हात ठेवला, टाच न उचलता. तिच्या हिशेबात ते अगदी सरळ होतं. खेळणी लहानपणी पाणी भरायला लागत होती. आता हात पुरतो, आता त्यांचं काय काम?

मी वहिनीकडं पाहिलं. त्या संध्याकाळपासून याबाबत ती एक अक्षर बोलली नव्हती. आत्ताही बोलेल असं वाटलं नाही. ड्रमवाला म्हणाला, घ्या ताई, वास नाही, एकदम साफ. वहिनीनं ड्रमवर ठेवलेला हात काढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "जा तुम्ही."

तो पुढं गेला. वहिनी आत आली, स्टूल ओढलं, फळीवरून रॅक खाली घेतला. धुळीनं भरलेला. मग मागच्या खोलीत जाऊन एकेक टब उचलून त्यातलं पाणी ड्रमात रिकामं केलं आणि पदरानं टब कोरडे करायला लागली. पिवळ्यावर ट्रॅक्टरचा कागद अजून होता, शाई उडालेली, फक्त चाकं कळत होती. कोपऱ्यातला ड्रम हलणार नव्हता, म्हणून दिवाण सरकवून तिनं दिवाणाच्या नि भिंतीच्या मधे रॅक घुसवला. आता रात्री दादाला खाली उरलेल्या जागेत पाय दुमडून झोपावं लागणार होतं.

ईशू हे सगळं बघत होती. तिला काही कळत नव्हतं. तिची नजर रिकाम्या टबांवरून नळाकडं गेली, परत टबांवर आली.

"आई, आत्ता नळ आला तर?"

वहिनीनं लाल टब रॅकमध्ये सरकवला. "आला तर येऊ दे."

हे वाक्य या घरात मी पहिल्यांदा ऐकलं. दारात उभ्या नसीम भाभींनी सुद्धा पुन्हा विचारलं, क्या बोली?

ईशूनं ड्रमच्या काठावरचा हात काढून घेतला. मग पिशवीकडं गेली. खाली बसून तिनं आत हात घातला, ट्रॅक्टर काढला, पिवळ्या टबात ठेवला. बाहुली हिरव्यात. थांबली. उठून मागच्या खोलीत गेली आणि दोन्ही हातांत धरून, सावकाश पाय टाकत, आपला भातुकलीचा हंडा घेऊन आली. तो लाल टबात ठेवला, मधोमध, कलंडणार नाही असा.

भरलेलाच.